जुन्या बाजारातली चकती कुणाच्या घरची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक वस्तू तिच्या घरी पोचवायची आहे आणि ते घर कुठलं, हे मला ठाऊक नाही. म्हणून आपल्या वाचकांपुढे हे लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. कापावंच लागलं तर माझ्या घरची हकीकत कापा. चकतीचं वर्णन आणि शेवटचा मजकूर मात्र कृपा करून राहू द्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो होतो. अडतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टर्नर म्हणून काम केलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही जुनी हत्यारं बघायला पाय तिकडे वळतात. एका गोणपाटावर समया, अडकित्ते, कुलपं आणि किल्ल्यांचा ढीग होता. एका तांब्याच्या बुडाखालून कडा दिसली आणि मी खाली बसलो. उचलायच्या आधीच मला कळलं होतं ते काय आहे, कारण तसंच एक आमच्या देव्हाऱ्यात आहे.

ब्राँझची ओतीव चकती. व्यास साधारण बारा सेंटीमीटर, वजन तीनशे ग्रॅमच्या वर. एका हातात त्रिशूळ आणि दुसऱ्या हातात पानांचं कडं धरून उभी असलेली बाई, तिच्यापुढे सिंह, आजूबाजूला दोन मासे. कडेनं इंग्रजी अक्षरं फिरलेली आहेत. त्यांचा अर्थ असा, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला. उजव्या बाजूला एक उभट चौकट आणि तिच्यात उठावाच्या इंग्रजी अक्षरांत एका माणसाचं नाव. नाव मराठी आहे. वडिलांचं नाव आहे, आडनावही आहे. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, गाव नाही.

विक्रेत्यानं सांगितलं, राणीचं मेडल आहे, चार हजार. तो भला माणूस होता. किलोवर घेतलेल्या तांब्या-पितळेत ही आली, सातारा रोडकडच्या एका भंगारवाल्याकडून, याहून जास्त त्याला माहीत नव्हतं. मी अडीच हजार दिले आणि घरी घेऊन आलो. शेजारी उभा असलेला एक तरुण मोबाइलवर तिचे फोटो काढत होता. असल्या चकत्या परदेशी संग्राहकांना विकल्या जातात, असं त्यानंच मला सांगितलं.

ती मेडल नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढून मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशी चकती पाठवली होती. साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या ओतल्या गेल्या. चित्र लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन नावाच्या शिल्पकाराचं, आठशेहून जास्त चित्रांतून निवडलेलं. इंग्लंडातल्या घरांमध्ये तिला 'मेलेल्याचा पैसा' म्हणत. हुद्दा मुद्दाम घातला नव्हता. मेल्यावर जनरल आणि शिपाई सारखेच, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, पण त्यामुळेच आज मला हे घर सापडत नाही. माझ्या हातानं आयुष्यभर धातू कापला आहे, त्यामुळे एक गोष्ट मनात येते. नाव नंतर ठोकलेलं नाही, चकतीबरोबरच ओतलेलं आहे. म्हणजे प्रत्येक चकतीला साच्यात अक्षरं नव्यानं लावावी लागली असणार. पुढे पुढे हे काम वुलिचच्या शस्त्रागारात झालं. आमच्यासारखाच दारूगोळ्याचा कारखाना. तिथल्या कुणीतरी कामगारानं एकेक अक्षर लावून हे मराठी नाव जुळवलं, त्याला ते उच्चारताही आलं नसेल.

आता आमच्या घरच्या चकतीविषयी.

माझे आजोबा पुरंदर तालुक्यातले. आमच्या गावाला पाणी नव्हतं, त्यामुळे पोरं पलटणीत जायची. आजोबा १९१२च्या सुमारास ११७ नंबरच्या मराठा पलटणीत भरती झाले. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. १९१४च्या पावसाळ्यात ते रजेवर घरी होते, तेवढाच आजीचा त्यांच्याबरोबरचा शेवटचा काळ. ऑक्टोबरमध्ये त्यांची ब्रिगेड मुंबईहून निघाली. त्या डिव्हिजनचं नाव सहावं पूना डिव्हिजन. आपल्या शहराचं नाव घेऊन ही फौज इराणच्या आखाताच्या टोकाला फाओ इथं उतरली आणि नोव्हेंबरात तिनं बसरा घेतलं. माझे वडील १९१५च्या शिमग्यात जन्मले. बापानं मुलाला पाहिलं नाही आणि मुलानं बापाला.

आजोबांचं एकच कार्ड आमच्याकडे आहे. ते मोडी लिपीत असल्यानं मी पन्नाशी ओलांडेपर्यंत ते आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. शेवटी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो. तिथं मोडी शिकायला येणाऱ्या एका मुलीनं ते माझ्यासमोर बसून लावलं. दोन ठिकाणी अडली, भिंग मागितलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं लढाईचं काही असेल. आजोबांनी लिहिलं होतं की तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का ते कळवणे. बांधाच्या भांडणात पडू नये, मी आल्यावर पाहीन. मुलगा झाल्याचं समजलं, नाव आप्पांच्या मनाप्रमाणे ठेवावं. आणि शेवटी असं, की इथं मोती स्वस्त मिळतो म्हणतात, मी अजून पाहिला नाही, खजूर मात्र फार पाहिला.

बसऱ्याचा मोती म्हणजे आपल्याकडे नथीचा मोती. ही ओळ आजीसाठी होती हे त्या मुलीलाही कळलं, ती वाचताना थांबली. आजीला हे कार्ड गावच्या कुलकर्ण्यांनी १९१५ साली वाचून दाखवलं असणारच. पण तिनं त्या ओळीबद्दल आम्हाला कधी सांगितलं नाही. तिला नथ नव्हती.

पुढची हकीकत इतिहासात आहे. १९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या दाराशी टेसिफोनला मोठी लढाई झाली. पूना डिव्हिजनचा सेनापती होता जनरल टाउनशेंड. त्याच्या फौजेची इतकी माणसं पडली की मागं फिरावं लागलं. टायग्रिस नदीच्या वळणातल्या कूत या गावात ती शिरली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. सोडवायला आलेल्या फौजांची वीस हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत हिंदी शिपायांचीच संख्या जास्त.

हे मी वाचलं ते फार उशिरा. त्याआधी आम्हाला ठाऊक होती ती आजीची गोष्ट. तिला ती सांगितली होती शेजारच्या गावच्या एका शिपायानं. तो आजोबांच्याच कंपनीतला. १९१९ला जिवंत परत आला आणि घरी जायच्या आधी आमच्या दारात आला. आजी सांगायची, "आरं, सरकारनं इमानातनं जात्याचं दगड टाकलं व्हतं. दाणं व्हतं, पण दळायला काय न्हवतं." आम्ही पोरं हसायचो. विमानातून कुणी जातं टाकतं का? वडील तिला म्हणत, तो माणूस आजारातून उठला होता, त्याला काहीही आठवत असणार. मीही त्यांच्याच बाजूचा.

निवृत्त झाल्यावर कूतच्या वेढ्यावरचं एक इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचायला बसलो. त्यात ते होतं. वेढ्यात जव होते, पण ते दळायची सोय नव्हती. विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलमध्ये पीठही विमानातून टाकलं, त्यातली काही पोती नदीत पडली. जगात कुठल्याही अडकलेल्या फौजेला विमानानं रसद टाकण्याचा तो पहिला प्रसंग मानतात. माझी निरक्षर आजी, जेजुरीच्या पलीकडं सासवड सोडून काही न पाहिलेली, साठ वर्षं खरं सांगत होती आणि आम्ही तिला वेड्यात काढत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती तेव्हा हयात नव्हती.

आजी रोज पहाटे स्वतःच्या जात्यावर बसायची. गावात गिरणी आली तरी सणाचं पीठ घरच्याच जात्याचं. खुंटा हातात धरून ती ते सांगायची, तेव्हा तिच्या नजरेपुढे काय असेल, हे मी कधी विचारलं नाही.

कूतला घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदी शिपाई बराच काळ ते मांस खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली गेली, तरी अनेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावलं नाही. माणसं रानातली भाजी समजून गवत उकडून खात होती. तो शिपाई दारात आला तेव्हा आजीनं त्याला पहिलं विचारलं ते हेच. ते घोडं खाल्लं का त्यांनी? तो गप्प राहिला. त्याला वाटलं, बाट लागल्याचं विचारते आहे. मग ती म्हणाली, "तसं न्हाई भाऊ. पोटात काय व्हतं का, त्ये सांगा." त्यानं सांगितलं, शेवटी शेवटी खाल्लं. म्हणून तर तेवढं चालले.

चालले म्हणजे बगदाद, मोसुल आणि तिथून पुढे उन्हातून रास-अल-ऐनपर्यंत. तिथं हिंदी कैद्यांना रेल्वेच्या कामावर जुंपलं. (टाउनशेंडसाहेबाला इस्तंबूलजवळच्या बेटावर घर मिळालं होतं. तेही त्याच पुस्तकात आहे.) आजोबा वाटेत की कामावर, नेमके कुठं कोसळले, हे त्या माणसाला सांगता आलं नाही. जुलाबांनी गेले, उन्हाळ्यात, एवढंच.

म्हणजे १९१६च्या एप्रिलपासून १९१९पर्यंत आजीला आपण कोण आहोत हेच माहीत नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची बाई. गावात कुणी म्हणे तुर्कांच्या कैदेत आहे, कुणी म्हणे बातमी दडवली आहे. माहेरच्यांनी पाट लावून द्यायची तयारी केली होती. ती म्हणाली, माणूस आहे की नाही हे सांगा, मग पाटाचं बोला. कुंकू लावत राहिली. तो शिपाई उठून गेला त्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं मंगळसूत्र उतरवलं आणि सासूच्या ओटीत टाकलं. सरकारी कागद त्यानंतर काही महिन्यांनी पाटलाकडे आला.

पितरांच्या पंधरवड्यात आमच्या घरी दरवर्षी वाद होई. गुरुजी म्हणायचे, लढाईत गेलेल्याचा म्हाळ घातचतुर्दशीला. आजी म्हणायची, हत्यारानं गेले नाहीत, आजारानं गेले, आणि दिवस ठाऊक नाही, तेव्हा सर्वपित्रीला. शेवटपर्यंत तिनं सर्वपित्रीलाच पान वाढलं. त्या पानावर भात नेहमीपेक्षा जास्त असायचा, आणि त्या दिवशी दारात आलेला माणूस, मग तो वासुदेव असो की पोस्टमन, जेवल्याशिवाय जायचा नाही.

पेन्शन सासवडच्या कचेरीतून मिळायची. आपण हयात आहोत आणि दुसरं लग्न केलेलं नाही, याचा पाटलाचा दाखला घेऊन ती जायची. लहानपणी मी तिच्याबरोबर दोनदा गेलो आहे. कारकुनानं अंगठा घेतला की ती शाईचं बोट पदराला न पुसता कचेरीच्या भिंतीला पुसायची. पैसे घेऊन परतताना मला भेळ मिळायची, एवढं आठवतं.

आणि मग ती चकती. युद्ध संपल्यावर केव्हातरी ती पुठ्ठ्याच्या पाकिटातून आली. बरोबर कागद होता, तो टिकला नाही. काय आहे ते घरात कुणाला समजलं नाही. सिंहाशेजारी त्रिशूळ घेतलेली बाई, म्हणजे आई भवानीच, असं आजीच्या सासूनं ठरवलं आणि ती देव्हाऱ्यात गेली. आजीला ते खरं वाटत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. एका बोटानं ती चौकट दाखवून ती म्हणायची, "हितं त्यांचं नाव हाय." वाचता येत नव्हतं, पण जागा माहीत होती. दर खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या रांगेत ती चकती मांडायची. त्याआधी चिंच आणि राख लावून अशी घासायची की तोंड दिसावं.

साठ वर्षं घासली. सिंहाचं नाक गेलं, बाईचा चेहरा सपाट झाला, आणि नावाची अक्षरं, जी मुळात मिलिमीटरभरही उठावाची नसतील, ती आता बोटाला जेमतेम लागतात. जे नाव टिकावं म्हणून ती घासत होती, तेच तिच्या हातानं झिजत गेलं. संग्राहक म्हणतात, अशी चकती कधी घासायची नसते, किंमत उतरते.

१९४२च्या सुमारास माझे वडील गावच्या चळवळ्या पोरांत उठबस करू लागले होते. त्यांनी एक दिवस चकती देव्हाऱ्यातून काढून माळ्यावर टाकली. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी मेला माझा बाप, असं म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही ती ओळ वाचताना दर वेळी अडखळायला होतं. आजीनं शिडी लावली, चकती उतरवली, पुन्हा देवांत ठेवली आणि मुलाला म्हणाली, "राजाचं ऱ्हाऊ दे. नाव तुज्या बाचं हाय." वडिलांनी पुन्हा तिला हात लावला नाही. आजी १९८१ साली गेली.

आता मी अडीच हजार का दिले, ते सांगतो. बाजारात ती चकती उजेडात धरली आणि पाहिलं, तर बाईचा चेहरा सपाट, सिंहाचं नाक नाही. अक्षरांच्या कोपऱ्यांत हिरवट-काळा थर, चिंच नीट धुतली नाही की राहतो तसा. ही चकती कुठल्या संग्रहातली नाही, एखाद्या स्वयंपाकघरातली आहे. कुठल्यातरी गावात दुसऱ्या एका बाईनं ती वर्षानुवर्षं घासली आहे.

मेलेल्यांची नावं दगडात टिकवायचं काम सोपं नाही, पण करता येतं, हे मी खडकीत राहून रोज पाहतो. इथल्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. प्रत्येकीवर नाव, पलटणीचं चिन्ह, पायाशी फुलझाडं. तिथंच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. हिंदुस्थानभर ठिकठिकाणच्या दफनभूमींत ज्यांच्या कबरी राखणं शक्य राहिलं नाही, अशा अठराशेहून अधिक जणांची नावं त्यावर एकत्र कोरली आहेत. माळी तिथं मनापासून काम करतात. मी संध्याकाळी जातो, तिथल्या बाकावर बसतो, आणि त्या परक्या मुलांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. त्यांच्याही आयांना चकत्या गेल्या असतील.

पण बसऱ्याच्या स्मारकावर काय आहे ते वाचकांना माहीत असावं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांसाठी १९२९ साली ते उभारलं. ब्रिटिश सैनिकांची नावं भिंतीवर कोरली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या घातली. माझे आजोबा तिथं एका आकड्यात आहेत. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमानं ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन ठेवलं गेलं. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानंच २०२१च्या एप्रिलमध्ये अहवाल काढून कबूल केलं, की आशिया आणि आफ्रिकेतल्या सैनिकांना बरोबरीनं वागवलं गेलं नाही. ४५ ते ५४ हजारांची नोंद असमान पद्धतीनं झाली आणि एक लाखाहून अधिक जणांची नावानं नोंदच नाही, असा त्यांचाच अंदाज. ब्रिटिश सरकारनं पार्लमेंटमध्ये माफी मागितली.

नावं कागदावर मात्र होती, आणि आता ती आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. माझ्या नातीनं मोबाइलवर पाच मिनिटांत आजोबा काढून दाखवले. नाव, नंबर, ११७ मराठा. आणि खाली एक ओळ, अमुक बाईचा नवरा, गाव अमुक, पुरंदर, पूना. गावाचं नाव चुकीचं लिहिलं आहे, पण आजीचं बरोबर आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नव्हतं. रेशनकार्डावर होतं तेही चुकीच्या वयानं. इथं ते नीट होतं. नातीनं ते मोठं करून दाखवलं, आणि मी चष्मा पुसायला आत गेलो.

बाजारातल्या चकतीवरचं नावही आम्ही तसंच शोधलं. त्या नावाचे आणि वडिलांच्या त्याच नावाचे नऊ जण निघाले. पुणे, सातारा, रत्नागिरी, कुलाबा. काहींच्या नोंदीत गाव आहे, काहींच्या नाही. पुणे जिल्ह्यातले दोन. त्या दोन्ही गावांत मी स्वतः जाऊन आलो. एका गावात त्या आडनावाचं कुणी उरलेलं नाही. दुसऱ्या गावात भावकी मोठी आहे, पण पहिल्या महायुद्धात आपल्यातलं कुणी मेलं होतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र सांगितलं, की त्यांच्या सासूच्या देवांत "गोल देवी" होती, ती वाटण्यांत कुठं गेली कोण जाणे. तीच का ही, ते ठरवता आलं नाही.

माझ्या गावाचंही सांगतो, कारण दोष फक्त भंगारवाल्याचा नाही. आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरा दगड होता. या गावातून महायुद्धाला अकरा माणसं गेली, त्यांतली चार मेली, असं त्यावर लिहिलं आहे. दख्खनच्या कितीतरी गावांत सरकारनं असे दगड बसवले होते. नावं त्यावरही नाहीत, नुसते आकडे. चावडी पाडून नवी इमारत झाली तेव्हा दगड निघाला. मागच्या वर्षी मला तो हौदाजवळ सापडला, बायका त्यावर कपडे धूत होत्या. कुणाला रागावणार? तो कसला दगड हे सांगणारं माणूसच गावात राहिलं नव्हतं आणि मीही पुण्याला येऊन बसलो होतो. काथ्यानं घासला, 'चार' हा आकडा वर आला. आता तो पुतण्याच्या गोठ्यात भिंतीला उभा आहे. चौघांपैकी तिघांची नावं आम्ही शोधली आहेत. चौथं मिळालं की ग्रामसभेत ठराव मांडून, चारही नावं मराठीत कोरून, नव्या इमारतीच्या भिंतीत तो बसवायचा, असं सरपंचांनी मान्य केलं आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुळं पुणे, सातारा किंवा कोकणातल्या गावांत आहेत, त्यांनी पुढच्या जत्रेला गेल्यावर चावडी, शाळा, देऊळ यांच्या भिंतींवर असा दगड आहे का एवढं बघावं. रंग मारलेला असेल, झेंड्याच्या कठड्याला टेकवलेला असेल. फोटो काढून ठेवावा.

घर आवरताना ब्राँझची गोल जाड चकती हाती लागली, तर कृपा करून ती भांड्यांबरोबर मोडीत घालू नका. वितळवली तर तीनशे ग्रॅम ब्राँझचे किती पैसे येतात, हे धातूच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. काही येत नाहीत.

आता चकतीचं. तिच्यावरचं नाव मी इथं मुद्दाम छापत नाही. नाव छापलं तर ते सांगत दहा जण येतील, आणि त्यांत विकत घेऊन विकणारेही असतील. माझं नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे, तोही याच कारणानं छापू नये. पुणे-सातारा रस्त्याकडच्या किंवा त्या बाजूच्या गावांतल्या ज्या कुटुंबाच्या देव्हाऱ्यातून, ट्रंकेतून किंवा वाटण्यांतून अशी चकती हरवली असेल, त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर मला लिहावं. घरातल्या थोरल्या माणसाला विचारून तीन गोष्टी कळवाव्यात. युद्धात गेलेल्या माणसाचं नाव, गाव, आणि चकतीच्या मागच्या बाजूला काय आहे ते. मागच्या गुळगुळीत बाजूवर कुणीतरी खिळ्यानं एक खूण कोरलेली आहे. घाईत केलेली नाही. चार-पाच वेळा गिरवून खोल केली आहे. ती खूण जे घर सांगेल, ते घर खरं. पैसे नकोत. मी स्वतः आणून देईन, कोकणात असलात तरी.

घरी आणल्यापासून ती आमच्या देव्हाऱ्यात, आजोबांच्या चकतीशेजारी ठेवली आहे. सुनेनं विचारलं, दोन्ही घासून ठेवू का? मी आमची घासू दिली. ती हिरवटच ठेवली आहे. तिला चिंच तिच्या घरच्यांनीच लावावी. खंडेनवमीला अजून वेळ आहे.

आपला,
एक वाचक (सेवानिवृत्त टर्नर), खडकी, पुणे